कुबडीवरचा रुमाल

तलासरीच्या नाक्यावर लहानूमिस्त्रींचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि त्या दुकानात दोन गोधड्या जोडून शिवलेली एक भली मोठी गोधडी होती. वायरिंगच्या दुकानात गोधडी कशाला, हा प्रश्न नवीन माणसाला पडायचाच. मलाही पडला होता. त्याचं उत्तर मला दोनदा मिळालं. पहिल्यांदा मिळालं ते खरं होतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं कळलं तेव्हा मी एका दवाखान्याच्या बाकावर बसले होते.

मी झरीची. २०१४ साली अकरावीला डहाणूच्या कॉलेजात नाव घातलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे वही कुठली घ्यायची इथपासून सगळं मला कोणाला तरी विचारावं लागे, आणि विचारायची लाज वाटे. सकाळी झरीहून जीपने तलासरीला यायचं आणि तिथून एसटीने डहाणू. थांब्याला छप्पर नव्हतं, दुकानाला होतं. छपराखाली मोडीत निघालेल्या एका ट्रकची लांब सीट बाक म्हणून ठेवलेली होती. तिच्यावर बसायला कोणी परवानगी मागत नसे. मी पहिल्या दिवशी मागितली.

"बस की," लहानूमिस्त्री म्हणाले. "सीट ट्रकची हाय, पण भाडं नाय लागत."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'कॉलेज' ठेवलं. "कॉलेज, आज एसटी उशिरा हाय." "कॉलेज, जरा पाय वर घे, झाडतो." माझं खरं नाव त्यांना पाच वर्षांत माहीत झालं की नाही, मला शंका आहे. मी त्यांना लहानूकाका म्हणायचे.

गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट, खिशात टेस्टर, तोंडात नेहमी वायरचा एखादा तुकडा. वायर ते दातांनी सोलायचे. गेलेला बल्ब कधी फेकत नसत. काचेच्या बरण्यांत भरून ठेवत. कोणी हसलं तर म्हणत, "दहा वर्षं जळला बिचारा. उकिरड्यावर कसा टाकू?" सगळी हत्यारं त्यांच्यासमोर फळीवर एका रांगेत असत. त्यांच्या पायाशी, बाजूला, काहीही ठेवलेलं त्यांना चालत नसे. एकदा मी कॉलेजची बॅग खाली ठेवली आणि ते तिच्यावर अडखळून पडता पडता वाचले. त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले, एवढ्या वर्षांत फक्त एकदाच. मला रडू आलं. मोठी काळी बॅग, भर सकाळची वेळ, दिसायला काय झालं होतं, असं मनात येऊन गेलं.

दुकान पाच वाजता बंद व्हायचं, थंडीत साडेचारलाच. पुढे ट्रक उघडा पडलेला असला तरी शटर खाली. ड्रायव्हर विनवण्या करत. एक जण वैतागून म्हणाला, "मिस्त्री, घरी बायको तलवार घेऊन उभी राहते का?" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "तलवार नाय, कोयती." आणि कुलूप लावलं.

दुकानात आणखी एक माणूस असायचा, भिवाकाका. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता. काखेत कुबडी. स्टुलावर बसून ते बल्ब निवडायचे, स्टोव्हवर चहा करायचे. चहाचा पहिला कप लहानूकाका त्यांनाच द्यायचे, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. भिवाकाका फार कमी बोलायचे. संध्याकाळी दोघं बरोबरच झरीच्या रस्त्याने आपल्या पाड्याकडे निघत. लहानूकाकांचा हात भिवाकाकांच्या खांद्यावर असे. कॉलेज सुटून मी पाचच्या आत आले तर तो देखावा हमखास दिसायचा. थांब्यावरच्या बायका म्हणायच्या, "सख्खा भाऊपण असा आधार देत नाय." ते भाऊ नव्हते. मग कोण होते, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता गोधडीचं सांगते.

जुन्या ट्रकच्या मीटरमागे छोटे पिवळे बल्ब असतात. वर्षांनुवर्षं जळून ते मंद होतात, त्यांच्या उष्णतेने मागचं प्लास्टिक करपतं, आणि काही दिवसांनी काटे दिसेनासे होतात. डिझेल किती, इंजिन किती तापलंय, ब्रेकची हवा किती, हे बघायला ड्रायव्हर मोबाईलची बॅटरी दाखवत जातात. मी अकरावी-बारावीत असताना वापीच्या बाजारातून एलईडी यायला लागले. तेवढ्याच आकाराचे, त्याच खोबणीत बसणारे, न तापणारे. जो तो ड्रायव्हर मूठभर एलईडी घेऊन काकांच्या दारात.

मोरबीहून लाद्या घेऊन येणारा एक ड्रायव्हर मला आठवतो. निळे एलईडी घेऊन आला होता. म्हणाला, "काका, एकदम डिस्को करी नाखो," म्हणजे करून टाका. काकांनी मीटर खोलला, बल्ब काढले, निळे बसवले. त्यातले दोन पेटेनात. ड्रायव्हर दुकानदाराला शिव्या द्यायला लागला. काकांनी ते दोन्ही काढले, फिरवून पुन्हा बसवले, आणि ते पेटले. "बल्बला उलटं-सुलटं नसतं, याला असतं," काका म्हणाले. "मानी जात हाय. तोंड फिरवून बसवलं की बोलत नाय."

मग त्यांनी गोधडी काढली. कॅबिनच्या टपावरून ती पुढच्या काचेवर सोडली, पार बंपरपर्यंत. दारांच्या काचांवर पोती लावली. भर दुपारी कॅबिनमध्ये अंधार झाला. ड्रायव्हरला आत बसवलं. "पाच मिनिटं नुसता बस," असं सांगून स्वतः बाहेर उभे राहिले. भिवाकाकांनी कुबडीच्या वरच्या टोकाला, काखेपाशी, पांढरा रुमाल बांधला आणि ते एका पायावर, बंपरला टेकून, गोधडीच्या आत शिरले. कुबडी वर धरली की रुमाल ड्रायव्हरच्या काचेपुढे यायचा.

"डिझेल किती?" काकांनी बाहेरून विचारलं.

आतून उत्तर आलं, पाव टाकी.

"रुमाल कुठं?"

आतून बराच वेळ काही येईना. मग ड्रायव्हर म्हणाला, कसला रुमाल? सगळी काच निळी दिसते.

काकांनी निळे एलईडी काढले, स्वतःकडचे बसवले. या वेळी आतून लगेच आवाज आला, "जमणी बाजू," म्हणजे उजवीकडे. ड्रायव्हर खाली उतरला तो डोळे चोळत आणि हसत. काका त्याला म्हणाले ते मी पुढे शंभर वेळा ऐकलं: "दिसलं पाहिजे, दिपलं नाय पाहिजे. काटा आणि रुमाल, दोन्ही."

तर गोधडीचं हे पहिलं उत्तर. मीटर किती उजळ ठेवायचा हे काका स्वतः ठरवत नसत. ड्रायव्हरचा डोळा ठरवायचा. मला ते फार मोठेपणाचं वाटलं. मी घरी आईला सांगितलं, की एवढा मोठा कारागीर पण स्वतःची नजर पुढे करत नाही.

काकांकडचे एलईडी म्हणजे पांढरेच, पण वरून नारिंगी रंग लावलेले. तो रंग म्हणजे नेलपॉलिश. एकदा ते संपलं तेव्हा मला डहाणूहून आणायला सांगितलं. मी आयुष्यात नेलपॉलिश घेतलं नव्हतं. दुकानात लाजत एक बाटली उचलली ती निघाली गुलाबी, आणि काकांनी दिवस वाया जाऊ नये म्हणून तीच लावली. त्या ट्रकचा ड्रायव्हर गोधडीतून बाहेर आला तो चिडून. म्हणाला, मिस्त्री, मला लाद्या न्यायच्या आहेत, वरात नाही. थांब्यावरच्या बायका आठवडाभर काकांना विचारत होत्या, मिस्त्री, आज कुठला रंग? दुसऱ्या दिवशी मी नारिंगी आणलं. काकांनी ते नखावर लावून उन्हात धरलं आणि म्हणाले, "हा. हा माणसांचा रंग."

एक बल्ब मात्र ते कधी बदलत नसत. बॅटरी चार्ज होते की नाही हे दाखवणारा, मीटरच्या कोपऱ्यातला. तो जुनाच, पिवळाच राहायचा. एका तरुण ड्रायव्हरने हट्टाने, घरी, स्वतः तोही बदलला. दोन दिवसांनी त्याचा ट्रक ढकलत आणावा लागला, बॅटरी पार बसलेली. काका त्याला म्हणाले, "अरे, हा दिवा नुसता बघायला नाय. याच्यातून थोडा करंट जातो, तेव्हा डायनामो जागा होतो. तू जागं करणाऱ्यालाच काढून टाकलंस." मी कॉलेजात फिजिक्सच्या सरांना विचारलं. सरांनी फळ्यावर आकृती काढली आणि मिस्त्री बरोबर आहेत म्हणाले. हे सांगितल्यावर काका इतके खूश झाले की भिवाकाकांना चहा टाकायला सांगितला. "सरांना सांग," ते म्हणाले, "मिस्त्री नववी नापास हाय."

मी एफवायला असताना, थंडीत, ते घडलं.

माझे बाबा ट्रक चालवायचे. डहाणूच्या एका वाडीवाल्या शेठचा जुना ट्रक होता. दुपारी चारला वाडीत गाडी लावायची, चिकूची खोकी भरली की दिवेलागणीला निघायचं आणि सकाळी गुजरातच्या बाजारात पोचायचं. बाबांची त्या वर्षी एकच तक्रार होती, मीटर दिसत नाही. शेठ एलईडी बसवायला तयार झाला. शनिवार होता, माझं कॉलेज अर्धा दिवस. मी एसटीतून उतरले तर बाबांचा ट्रक दुकानापुढे, आणि बाबा गोधडीखाली. मला गंमत वाटली. मी भिवाकाकांच्या स्टुलावर बसले.

"डिझेल किती, देवजी?" काकांनी विचारलं.

"जरा उजेड वाढव रे," बाबांचा आवाज आला.

काकांनी नारिंगी काढून फिकट रंगाचे लावले. बाबा म्हणाले, अजून थोडा. मग काकांनी बिनरंगाचे, नुसते पांढरे एलईडी बसवले. ते इतके लख्ख होते की गोधडीच्या टाक्यांतून उजेड बाहेर दिसत होता. "आता कसं," बाबा म्हणाले. "डिझेल अर्धी टाकी. हवा भरपूर."

"रुमाल?"

"उजवीकडे."

बरोबर होतं की नाही मला दिसत नव्हतं. पण काकांनी गोधडीचा कोपरा उचलला आणि भिवाकाकांना हाताने खूण केली. भिवाकाका गोधडीखालून बाहेर आले. कुबडी टेकत माझ्याशेजारी येऊन उन्हात उभे राहिले. कुबडीच्या टोकाचा रुमाल वाऱ्यावर हलत होता, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर.

"आता रुमाल कुठं, देवजी?"

"डावीकडे," बाबा म्हणाले. जराही न अडखळता.

मला आधी हसू येणार होतं. ते आलंच नाही. मी रुमालाकडे बघितलं, मग गोधडीकडे, मग पुन्हा रुमालाकडे. भिवाकाका माझ्याकडे बघत नव्हते. ते हायवेकडे बघत होते.

काकांनी गोधडी ओढून काढली. बाबा उन्हात डोळे मिचकावत खाली उतरले आणि झालं का म्हणाले. काकांनी मीटर तपासायला चावी घेतली होती, ती शर्टाच्या खिशात टाकली.

"चावी माझ्याकडे राहील," ते म्हणाले.

बाबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते भडकले. त्यांनी काकांना वायरी जोडायला सांगितलं होतं, डोळे तपासायला नाही. चारला वाडीत गाडी लागली नाही तर शेठ दुसरा ड्रायव्हर बघेल. वीस वर्षं गाडी चालवतो, एक ओरखडा नाही.

"माझ्या गाडीलापण नव्हता," काका म्हणाले.

काकांनी कधी गाडी चालवली होती हे मला माहीत नव्हतं, आणि त्या गडबडीत माझं तिकडे लक्षही गेलं नाही.

"मीटर उजळ केला की तुला मीटर दिसतो," काका हळू आवाजात म्हणाले. "रस्ता नाय दिसत. किती दिवस झाले, देवजी?"

"माझी पोरगी उभी हाय इथं," बाबा म्हणाले.

"म्हणून तर विचारतो."

काकांनी बाबांसमोरच शेठला फोन केला आणि एवढंच सांगितलं, की देवजीची तब्येत बरी नाही, आज दुसरा माणूस पाठवा. तासाभरात दुसरा ड्रायव्हर आला आणि ट्रक घेऊन गेला. मी आणि बाबा जीपने घरी आलो. जीपमध्ये मला एकेक गोष्ट आठवायला लागली. बाबा हल्ली संध्याकाळी तांब्या उचलताना आधी हाताने चाचपतात. मागच्या महिन्यात दारातल्या पायरीवर चुकले. चपला नेहमी एकाच जागी काढतात. हे सगळं माझ्यासमोर झालं होतं. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी भरलेला ट्रक घेऊन हायवेला लागत होता.

पण घरी पोचेपर्यंत त्या भीतीचा राग झाला, आणि तो सगळा लहानूकाकांवर गेला. एका रुमालाने आमचं घर बुडवलं. त्यांना बाबांना बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? मला वाटलं, माझं कॉलेज संपलं. सोमवारी मी नाक्यावर गेले ते रस्त्याच्या पलीकडे, उन्हात उभी राहिले. काकांनी मला बघितलं. हाक मारली नाही.

बुधवारी सकाळी दोघंही झरीला आमच्या दारात आले. भिवाकाका जीपमधून उतरून कुबडीवर अर्धा मैल चालत आले होते. डहाणूला डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांना न्यायला. बाबा खाटेवरून उठले नाहीत, तोंडही फिरवलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "एवढ्या लांबून माणसं आली. तुम्हाला डोळे दाखवायचे नसतील तर निदान त्यांना सोडायला तरी जा." बाबा शर्ट घालून निघाले. मीही गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लहानूकाकांना बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतो तशी. मला वाटलं, त्यांच्या गाडीचं काम केलं असेल. बाबांना आत नेलं. आम्ही आतल्या बोळात बाकावर बसलो, मी आणि भिवाकाका. त्या बोळाला खिडकी नव्हती, ट्यूबलाइट होती. काका पाणी प्यायला बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तेवढ्यात करंट गेला.

फार अंधार नव्हता. दुपारचे बारा वाजले होते. दाराच्या फटीतून उजेड येत होता, मला समोरच्या भिंतीवरचा तक्ता दिसत होता, नळ दिसत होता. नळाशी उभे असलेले काकाही दिसत होते. ते जागच्या जागी थिजले होते. एक हात पुढे केलेला, बोटं पसरलेली. मान आमच्याकडे नव्हती, भलतीकडेच होती. दोन पावलांवर रिकामी खुर्ची होती, ते चालायला गेले आणि तिच्यावर आपटले.

"भिवा," ते म्हणाले. अगदी हळू.

भिवाकाका उठले, कुबडी टेकत गेले, आणि आपला खांदा त्यांच्या हाताखाली दिला.

त्या क्षणी मला जो धक्का बसला तो मला नीट लिहिता येणार नाही. रोज संध्याकाळी झरीच्या रस्त्याने जाणारे ते दोघं मला दिसले, खांद्यावर हात ठेवलेले. आधार कोण देत होतं आणि कोण घेत होतं, हे आम्ही सगळ्यांनी उलटं वाचलं होतं. पाच वाजता बंद होणारं दुकान. पायाशी ठेवलेली काळी बॅग. आणि गोधडी. काका स्वतः कधीही गोधडीखाली शिरत नसत. मी त्याला मोठेपणा म्हटलं होतं.

करंट आला. डॉक्टरीणबाईंनी काकांनाही आत बोलावलं, त्यांची नेहमीची तपासणी होती. मी भिवाकाकांना विचारलं, कधीपासून?

भिवाकाका सहसा बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. लहानूकाका पूर्वी ट्रक चालवायचे. संध्याकाळ झाली की दिसत नाही हे त्यांना दोन वर्षं माहीत होतं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी जाईल. मीटरला मोठे बल्ब लावून घेतले होते, मीटर दिवाळीसारखा लखलखायचा, आणि त्यांना वाटायचं आता दिसतंय. एका संध्याकाळी तलासरीच्या अलीकडे एक सायकलवाला पुढे होता. तो दिसलाच नाही. आवाज ऐकून गाडी थांबवली.

"मेला तो?" मी विचारलं.

"नाय," भिवाकाका म्हणाले. "सायकल माझी होती."

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. मग बघायचं थांबवलं. अडीच वर्षं मी या दोघांच्या मधे बसून एसटीची वाट बघत होते, त्यांचा चहा पीत होते.

काकांनी पोलिसांना खरं ते सांगितलं, भिवाकाका पुढे म्हणाले. आत जाऊन आले. सुटले ते सरळ भिवाकाकांच्या घरी. भिवाकाकांच्या आईने दार लावून घेतलं. काका ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. किती दिवस, ते भिवाकाकांनी मोजले नाहीत. "मग मीच म्हटलं, माझा पाय गेला, तुझे डोळे चाललेत. दोघं मिळून एक दुकान तरी होईल."

"आणि तो रुमाल?"

"ती माझी अक्कल," भिवाकाका म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "ड्रायव्हरला मी दिसलो पाहिजे ना."

म्हणजे हा माणूस रोज, एका पायावर, ट्रकच्या पुढे जाऊन उभा राहत होता. आणि लहानूकाका बाहेरून विचारत होते, दिसतो का?

बाबांना मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनने जाईल. काकांचं दुखणं डोळ्यांच्या पडद्याचं होतं, अंधारात दिसत नसे आणि उजेडातही बाजूचं, पायाशीचं दिसत नसे; ते जाणार नव्हतं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी बाबांचं ऐकलं आणि म्हणाले, "सुटलास." एवढंच. त्यांच्या बोलण्यात हेवा शोधायचा मी नंतर खूप प्रयत्न केला. सापडला नाही.

पुढचे काही महिने आम्हाला जड गेले. बाबा वाडीत चिकू निवडायला जायचे, आई आणि मी भातशेतीच्या मजुरीला. कॉलेज सोडायचं माझ्या मनात दोनदा आलं, दोन्ही वेळा बाबांनीच विषय बदलला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टरीणबाईंचा कागद बघून शेठने पुढच्या मोसमात ट्रक पुन्हा बाबांना दिला. बाबांनी काकांची माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. ते एक पाटी चिकू घेऊन दुकानात गेले आणि ती बाकावर ठेवली.

"कच्चे हायत," काकांनी दाबून बघून सांगितलं.

"पिकतील," बाबा म्हणाले.

मी पुन्हा छपराखाली बसायला लागले. मला जे कळलं होतं ते मी नाक्यावर कोणाला सांगितलं नाही. काकांना ते कळलं असावं, कारण एकदा मी बॅग मांडीवर घेऊन बसलेली बघून म्हणाले, "कॉलेज, आता ठेव खाली. तुझी बॅग कुठं असते ते मला पाठ झालंय."

त्यांना मी शेवटचं बघितलं ते २०१९च्या सुरुवातीला. माझं शेवटचं वर्ष होतं, नंतर मी पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार होते. त्या दिवशी बाबांच्या ट्रकचा मीटर पुन्हा काढला होता, दोन एलईडी गेले होते. काम लांबलं. काकांनी साडेचारला शटर ओढलं नाही, आमच्यासाठी थांबले. गोधडी टाकली, बाबा आत बसले. मी बाहेर उभी होते.

"डिझेल?"

"पाव टाकी."

"रुमाल?"

बाबांनी वेळ घेतला. मग म्हणाले, "रुमाल नाय. भिवाला बाहेर जा म्हणालास तर मला कळतं आता."

भिवाकाका खरंच बाहेर उभे होते. काका इतके हसले की त्यांच्या तोंडातला वायरचा तुकडा पडला.

काम संपलं तेव्हा सूर्य गेला होता. ट्रक रिकामा होता, बाबा मला झरीला सोडणार होते. बाबांनी दोघांना ट्रकमध्ये बसायला सांगितलं. काका म्हणाले, भिवाला चढायला जमत नाय, पाडा जवळ हाय, चालत जातो. ते निघाले. बाबांनी त्यांना थोडं पुढे जाऊ दिलं आणि मग ट्रक सुरू केला. पण पुढे काढला नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, त्यांच्या मागे मागे ठेवला. हॉर्न नाही. नुसते हेडलाइट, पूर्ण सोडलेले. रस्ता, कडेचे दगड, झुडपं, सगळं पांढरं झालं होतं, आणि मधून ते दोघं चालले होते, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर.

मी मीटरकडे बघितलं. सगळे काटे नारिंगी, आणि कोपऱ्यात तो एकच जुना बल्ब बसवलेला.

पुढे काकांनी मागे न वळता मोकळा हात वर केला. तळवा खाली, दोनदा हलवला. कमी कर.

बाबांनी डिपर मारला, उजेड खाली आला. कुबडीच्या टोकाला बांधलेला रुमाल सोडायचा राहिला होता. पाड्याच्या वळणापर्यंत तो दिसत होता.